शहाण्णव टक्के समाधानी

१२ जानेवारी

वहिनी,

तुमच्या निवारा केंद्रात मी माझ्या हातांनी केलेल्या वस्तू अशा: लोखंडी खाटा छत्तीस, त्यांतल्या चार लहान मुलांच्या, कडेला कठडा असलेल्या. दारं सतरा. प्रत्येक दाराला आतून कडी, आणि त्या कडीला बाहेरून नाण्याने फिरवता येईल अशी खाच, ती तुमच्या सांगण्यावरून. भिंतीतली कपाटं नऊ. धुण्याच्या खोलीतली कपडे वाळत घालायची चौकट, दोरीने छताशी ओढून घेता येते. तशी मी कुठे पाहिलेली नव्हती, डोक्यातून काढली. तुमच्या टेबलाचा तिसरा खण, जो आधीच्या सुताराने दोनदा बसवला आणि दोन्ही वेळा अडकला. आता एका बोटाने सरकतो. हे मला कुणी शिकवलं नाही. सातवीनंतर शाळा सुटली. उरलेलं सगळं मी दुसऱ्यांची चुकलेली कामं उलगडून शिकलो.

परवा तुमच्या ऑफिसातल्या कपाटाची खालची फळी खचली म्हणून निरोप आला. तुम्ही बाहेरगावी होता. फळी काढायची तर वरचे कागद उतरवावे लागतात. ते कागद म्हणजे केंद्रातून निघताना प्रत्येक बाईकडून भरून घेतलेले फॉर्म. मी मोजले, कारण मी सगळंच मोजतो. दोनशे बारा. प्रत्येकावर सहा प्रश्न, आणि प्रत्येक प्रश्नापुढे 'पूर्ण समाधानी'च्या चौकोनात जांभळ्या शाईची बरोबरची खूण, शेपूट वर उजवीकडे लांब ओढलेलं. ती खूण तुमची, मी आठ वर्षं माझ्या सामानाच्या यादीवर पाहतो आहे. दोनशे बारा बायका, दोनशे बारा घरांतून मार खाऊन आलेल्या, आणि हात एकच.

हे फॉर्म कुठे भरून घेतात तेही मला ठाऊक आहे, कारण त्या खिडकीचं लाकूड माझं. बाई आली की तिची बॅग सामानघरात जमा होते. जाताना खिडकीशी परत मिळते, या कागदावर सही केली की. बॅगेत तिची कागदपत्रं असतात, पोरांचे कपडे असतात. त्या वेळी तिच्यापुढे कसलाही कागद सरकवा, ती सही करील. मीही केली असती.

त्यात एक कागद आपल्या धाकटीचा निघाला. तुमची ती सख्खी नणंद आणि माझी पाठची बहीण. दोन्ही नाती लिहितो, कारण त्या दिवसांत तुम्ही तिला 'केस' म्हणत होता. एकोणीस महिन्यांपूर्वी ती तुमच्या दारात आली तेव्हा तिला एका कानाने ऐकू येत नव्हतं. काय झालं ते तिने आधी फाटकावर सांगितलं, मग अधीक्षिकेला, मग तुम्हाला, मग पाच जणांच्या समितीला. चौथ्यांदा सांगताना ती मध्येच थांबली, तर समितीतल्या एका गृहस्थांनी विचारलं, मागच्या वेळी तुम्ही डावा कान म्हणाला होता की उजवा. मग समेटाची बैठक. नवरा समोरच्या खुर्चीत. तेविसाव्या दिवशी ती त्याच्या घरी परत गेली आणि तुमच्या अहवालात 'यशस्वी पुनर्मिलन' या रकान्यातला आकडा एकाने वाढला. पुढच्या अकराव्या दिवशी तिच्या डाव्या हाताची तीन बोटं दारात सापडली. सापडली, असं तो म्हणतो. ती डावखुरी आहे. तेव्हापासून ती माझ्याकडे राहते.

तिच्याही कागदावर पूर्ण समाधानी. तेच जांभळं शेपूट.

अहवालाच्या पहिल्या पानावर शहाण्णव टक्के छापलंय. बाकीचे चार कुठे गेले ते मला कळलं नाही. खरं वाटावं म्हणून सोडले असतील. ते शहाण्णव मी खाली आणणार आहे. कसं, ते अजून ठरलेलं नाही. पण तुम्हाला कळवून आणणार, पाठीमागून नाही.

तुमचा धाकटा दीर


४ फेब्रुवारी

वहिनी,

कसं ते ठरलं, आणि त्यात तुमचाच हातभार लागला. अनुदान देणाऱ्यांनी पाठवलेल्या त्या बाईंना इमारत दाखवायला तुम्ही मला सांगितलंत. मी त्यांना मोजणीबाई म्हणतो. त्यांनाही ते चाललं. तिशीच्या असतील, पायात कॅनव्हासचे बूट, खांद्याला झोळा, आणि झोळ्यात ना फीत ना पट्टी. मी विचारलं, मोजायला आलात तर मोजता कशाने.

त्या म्हणाल्या, "बाईला इथे पुन्हा तेच वाटतं का, जे घरी वाटत होतं, ते मोजते मी."

मी म्हटलं, ते कसं कळणार. तर म्हणाल्या, विचारून. पण कोण विचारतंय, कुठे विचारतंय आणि खरं बोलल्यावर तिचं काय होतं, यावर सगळं असतं. त्यांचे बावीस प्रश्न आहेत. मी ते तीनदा वाचले. तुमची हकिगत तुम्हाला किती जणांना सांगावी लागली. न सांगण्याची मुभा होती का. नवऱ्यासमोर बसायचं की नाही हे कुणी ठरवलं. तुमच्या खोलीत येण्याआधी विचारतात का. नको म्हणता येतं का, आणि म्हटलं तर पुढे काय होतं. जिच्या मनाला घाव बसलाय तिला मदत करायची तर घाव आहे हे धरूनच प्रत्येक गोष्ट करावी लागते, एवढंच त्यामागचं शास्त्र, असं त्या म्हणाल्या. मला ते झटकन कळलं. तडा गेलेल्या लाकडात स्क्रू पिळायचा तर आधी बारीक भोक पाडून घ्यावं लागतं. नाहीतर तुम्ही दुरुस्त करता आहात असं तुम्हाला वाटतं आणि तडा पुढे चालत जातो.

शंभरापैकी गुण. पन्नासच्या खाली गेले तर समेटाची बैठक कायमची बंद आणि केंद्राच्या खुर्चीवर दुसरं कुणीतरी. हे तुम्हालाही त्यांनी सांगितलं असणार, कारण त्या दिवशी तुम्ही चहात साखर दोनदा घातलीत.

त्यांची अडचण एकच होती, भरलेले कागद जमा कुठे करायचे. तुम्ही म्हणालात, अधीक्षिकेच्या टेबलावर. मी म्हटलं, पेटी करून देतो.

अठरा इंच लांब, बारा रुंद, बारा उंच. चारही कोपरे दात्यात दाते बसवलेले, खिळा एकही नाही. बिजागरीचे स्क्रू आतल्या बाजूने, म्हणजे बंद पेटीला बाहेरून पेचकस लावायला जागाच नाही. फटीच्या आत तिरकी पट्टी, त्यामुळे कागद आत जातो पण तारेने वर ओढता येत नाही. किल्ली एक, ती मोजणीबाईंच्या गळ्यात. पेटी धुण्याच्या खोलीत ठेवली आहे, तिकडे तुमच्या स्टाफपैकी कुणी फिरकत नाही. कागदावर नाव नाही, सही नाही. ज्यांना वाचता येत नाही त्यांना कानाला लावून प्रश्न ऐकायचं यंत्र दिलं आहे.

पेटी घासताना मी शीळ घालत होतो. धाकटीने स्वयंपाकघरातून डोकावून पाहिलं. एकोणीस महिन्यांत घातली नव्हती.


१९ फेब्रुवारी

वहिनी,

तुमचं पत्र मिळालं. तीन ओळींचं, तुमच्यासारखंच नेमकं. "स्वतःच्या नणंदेला वेगळा नियम लावला असता तर पहिलं बोट तुम्हीच दाखवलं असतं, भावजी. सोळा वर्षं मी सगळ्यांना एकच नियम लावते. आणि समेटाच्या कागदावर हमीदार म्हणून सही कुणाची आहे, ते एकदा बघून या."

बघून यायची गरज नाही. सही माझी आहे.

जानेवारीच्या पत्रात मी लिहिलं की ती परत गेली. ती गेली नाही. मी नेली. माझ्या टेम्पोत, पुढच्या सीटवर, बॅग मांडीवर घेऊन बसली होती. बैठकीत तुम्ही मला विचारलंत, तुम्ही भाऊ, तुमचं काय म्हणणं आहे. आणि मी म्हणालो, मेहुणे शब्द देतायत तर एकदा बघूया. धाकटी माझ्याकडे बघत होती. मी टेबलाच्या पायाकडे बघत होतो. तो पाय पाव इंच आखूड होता आणि तुमच्यातल्या कुणीतरी खाली पुठ्ठ्याची घडी घातली होती. तेवढं मला अजून दिसतं.

मी त्या खोलीत शहाणपण करायला बोलावलेला माणूस नव्हतो, तुम्ही होता. तुमच्याकडे सोळा वर्षांचा अनुभव होता आणि भिंतीवर तीन मानपत्रं. मी कड्या बसवणारा. पण माझ्या तोंडाने काय केलं याची शिक्षा मला दररोज सकाळी मिळते, तिच्या बाहीची बटणं लावून देताना. तुमची अजून सुरूही झालेली नाही.

पेटीत काल सकाळपर्यंत चौदा कागद पडलेत. मी मोजले नाहीत, मोजता येतही नाहीत. मोजणीबाईंनी पेटीशेजारी ठेवलेल्या कोऱ्या कागदांपैकी किती उरलेत, त्यावरून हिशेब केला.


११ मार्च

वहिनी,

काल तुम्ही तिथे होता, तरी लिहून ठेवतो, कारण तुम्ही एक सांगाल आणि दादा चार घरी वेगळंच सांगेल.

बैठकीच्या खोलीत चौघं: तुम्ही, विश्वस्तांचे वकील, मोजणीबाई, आणि पेटी उचलून आणणारा मी. मोजणीबाईंनी गळ्यातली किल्ली काढली, झाकण उघडलं. एकतीस कागद. केंद्रात त्या दिवशी बायकाही एकतीसच. म्हणजे एकीनेही कागद चुकवला नव्हता.

मी भिंतीशी उभा राहून ऐकत होतो. हकिगत किती जणांना सांगावी लागली: सरासरी पाचाला थोडी कमी. नवऱ्यासमोर बसायचं की नाही हे मी ठरवलं, असं म्हणणाऱ्या दोन. नको म्हणता येतं, असं म्हणणाऱ्या पाच. एकीने 'इथे सुरक्षित वाटतं का' पुढे काहीच खूण केली नव्हती, फक्त लिहिलं होतं, बॅग माझ्याजवळ राहू दिली असती तर वाटलं असतं. एकूण गुण शंभरापैकी चौतीस. मोजणीबाईंनी दोनदा बेरीज केली. तुम्ही चष्मा काढून पुसलात. काचा स्वच्छ होत्या. वकील खिडकीबाहेर बघत होते. मी मात्र तुमच्याकडेच बघत होतो, वहिनी, आणि पोटभर बघितलं. धाकटीला कान विचारणाऱ्या त्या गृहस्थांना शेजारी बसवलं असतं तर आणखी बरं झालं असतं.

मग चौदावा प्रश्न आला. खोलीत येण्याआधी विचारतात का. होय म्हणणाऱ्या चार. मोजणीबाईंनी कागद उलटा केला आणि मागे लिहिलेलं वाचलं, मान वर न करता.

"दुरुस्तीवाले मामा टकटक करतात, पण थांबत नाहीत. नाण्याने कडी फिरवून आत येतात. हातात हातोडी असते. माणूस चांगला आहे. पण दर वेळी मी बाथरूममध्ये जाऊन उलटी करते."

असे सात कागद निघाले. शब्द वेगळे, माणूस तोच.

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. हसला नाहीत. तेवढं तुमच्या बाजूने लिहितो.

मी आठ वर्षं छाती काढून सांगत आलो की एका सकाळी अकरा खोल्यांची कामं उरकणारा माणूस दुसरा दाखवा. आता कळतंय, अकरा कशी उरकत होती. टकटक करून थांबायचं असतं, हे मला कुणी शिकवलं नाही आणि मी स्वतःही शिकलो नाही. त्या सात बायकांनी माझी शाळा घेतली.

संध्याकाळी धाकटीला सगळं सांगितलं. पेटी, चौतीस, तुमचा चष्मा. वाटलं, तिला बरं वाटेल. ती उजव्या हाताने भाजी निवडत होती, अजून सराव नाही, पाल्यापेक्षा देठं जास्त जमा होतात. तिने विचारलं, "हे माझ्यासाठी केलंस?"

मी म्हटलं, मग कुणासाठी.

"मला विचारलं नाहीस, दादूस."

लहानपणी ती मला तसं म्हणायची. मग तिनेच मला त्या सात कागदांतलं परत म्हणून दाखवायला लावलं, आठवत होतं तसं. आणि हसली. मी केंद्रात गेल्यापासून नाही, त्याच्याही आधीपासून मी असाच घुसतो म्हणाली, तिच्या खोलीतही. परवा ती केस विंचरत होती, तेव्हाही.

मी सूड सोडलेला नाही. तो तिच्या नावावर होता, तो आता माझ्या नावावर आहे, एवढाच फरक. चौतीस हा आकडा एकतीस तारखेला अनुदानवाल्यांकडे जायचा आहे, आणि तो तसाच जाणार, माझ्या सात कागदांसकट.


१५ मार्च

वहिनी,

सतराही कड्यांच्या बाहेरच्या खाचा मी आज पितळ ओतून बुजवल्या. तुमची परवानगी घेतली नाही. घेतली असती तर समिती बसली असती.

दुपारी अकरा नंबरच्या खोलीतला नळ गळतो असा निरोप होता. टकटक केली. थांबलो. हातोडी पिशवीत. आतून काही नाही. मग म्हटलं, दुरुस्तीवाला आहे, आत येऊ का.

आतून आवाज आला, "नको."

"आणि नळ?"

"गळू दे."

बरं म्हणून मी निघालो. जिन्यापर्यंत गेलो असेन, तर मागून दार किलकिलं झालं आणि ती बाई म्हणाली, उद्या दहाला या, तेव्हा मी बाहेर अंगणात असेन. नंतर म्हणाली, "आजवर कधी नको म्हटलं नव्हतं, ते आज म्हणून बघितलं."

वॉशर तीन रुपयांचा. काम चार मिनिटांचं. दिवस लागला एक. लागू दे.


२९ मार्च

वहिनी,

दादा काल माझ्या वर्कशॉपमध्ये आला होता. तुम्ही पाठवलं की तो आपणहून आला, हे मी विचारलं नाही आणि तुम्हीही सांगू नका. त्याने फरक पडत नाही.

आधी तो घरच्या गोष्टी बोलला. आईच्या मागे तुम्हीच घर सांभाळलंत, धाकटीच्या लग्नात तुम्ही कशा राबलात, माझी पहिली करवत कुणी आणून दिली. तुम्ही दिलीत. ते मी विसरलेलो नाही, ती करवत अजून चालते. मग म्हणाला, सोळा वर्षांचं काम एका कागदाने पुसलं जाणार, तुझ्या वहिनीला बाहेर तोंड दाखवायला जागा उरणार नाही. मी म्हटलं, धाकटी बाहेर जाताना हात ओढणीखाली घेते. दादा वाईट माणूस नाही. तो फक्त नेहमी ज्याच्या घरी जेवतो त्याच्या बाजूचा असतो.

पेटी बाकावर होती. मोजणीबाईंनी काम झाल्यावर किल्लीसकट परत दिली होती. मी ती बंद करून किल्ली खिशात ठेवली होती. दादाने झाकणाखाली नख घातलं. मग माझी पातळ पटाशी घेतली आणि तिचं टोक घालून पाहिलं. मी त्याला थांबवलं नाही. पाच-सात मिनिटं खटपट करत होता. शेवटी पटाशी खाली ठेवून अंगठा चोखत बसला.

मग खिशातून टाइप केलेला कागद काढला. वकिलांनी तयार करून दिलेला. एवढंच वाक्य होतं: पेटी बनवणारा या नात्याने मी लिहून देतो की सदर पेटीचे झाकण किल्लीशिवाय उचलले जात होते. खाली सहीची जागा. ते वाक्य गेलं की एकतीसही कागद रद्द. कुणीही बाहेरून भरून टाकले असतील, असं म्हणता येतं. फेरमोजणी पुढच्या वर्षी, अधीक्षिकेच्या टेबलावर. तोवर बैठका चालू, खुर्ची जागेवर.

"आणि तुझे ते सात कागदही त्यात जातील," दादा म्हणाला. "कुणाला कळणार नाही तू काय करत होतास ते. तुझाच फायदा आहे."

खरं सांगतो, त्या वाक्याशी मी थोडा वेळ थांबलो. रात्री झोपताना मला त्या बाथरूममधल्या उलटीचा आवाज येतो, जो मी कधी ऐकलेला नाही. तो पुसून मिळत असेल तर कुणाला नको. पण त्या सात जणींनी नाव न लिहिता का होईना, मला तोंडावर सांगितलं, आणि त्यांचा कागद ज्या पेटीत पडला तिचं झाकण किल्लीशिवाय उचलत नाही. हे मला माहीत आहे. दादाच्या अंगठ्यालाही माहीत आहे. मी आयुष्यात चुकीचं बोललो असेन, चुकीच्या कागदावर सहीसुद्धा केली आहे, ती तुम्ही मला बरोबर दाखवून दिलीत. दुसऱ्यांदा करणार नाही. आणि तेही जाऊ द्या. मला तुम्ही त्या खुर्चीवरून उठलेल्या बघायच्या आहेत, आणि समेटाच्या त्या खोलीत चौकीदाराची सायकल ठेवलेली बघायची आहे. मी काही संत नाही.

कागद मी दादाच्या खिशात परत घातला. त्याने जाताना दारात उभं राहून, सहीच्या बदल्यात काय काय मिळेल ते पुन्हा एकदा सगळं बोलून दाखवलं, मी नीट ऐकलं नसेन असं समजून. मी नीट ऐकलं होतं. उद्या दादा म्हणेल मी काही देऊच केलं नव्हतं, म्हणून त्याचेच शब्द इथे उतरवतो. केंद्रामागची शेड कायमची माझ्या नावावर. धाकटीच्या बोटांच्या शस्त्रक्रियेचा सगळा खर्च, आम्ही म्हणू त्या डॉक्टरकडे. आणि वर रोख, सही झाल्याच्या दिवशी, सहा लाख चाळीस हजार.